विषयांचे खण

आपल्याकडील बहुतेक जुन्या ग्रंथालयांत एक निराळे कपाट असते. त्याला पुस्तके ठेवण्याच्या फळ्या नसतात. त्याऐवजी हातभर लांबीचे अनेक अरुंद खण असतात. प्रत्येक खणाला पितळी कडी असते आणि कडीच्या वर, छोट्याशा चौकटीत, आत काय आहे हे सांगणारी चिठ्ठी बसवलेली असते. ग्रंथालयातील एकेका पुस्तकाची माहिती लिहिलेली जाड कागदाची कार्डे या खणांत उभी लावलेली असतात. संगणक आल्यापासून या कपाटाकडे फारसे कोणी फिरकत नाही. कुठे त्याच्यावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे रचलेले दिसतात, कुठे ते जिन्याखाली सरकवलेले असते, तर कुठे त्यातील कार्डांच्या कोऱ्या पाठी कच्च्या हिशेबासाठी उपयोगात आणल्या जातात. जागा अपुरी आहे, पुस्तकांची यादी संगणकावर आलेली आहे, मग ही अडगळ सांभाळायची तरी कशासाठी, असा प्रश्न ग्रंथालयांचे चालक विचारतात. प्रश्न रास्त आहे, आणि रास्त प्रश्नाला भावनेच्या भरात उत्तर देऊन चालत नाही. माझे मत असे आहे की, ही कार्डे, त्यातही विषयवार लावलेली कार्डे, मोडीत काढू नयेत. आणि प्रत्येक विद्यार्थ्याने शाळा सोडण्यापूर्वी एकदा तरी त्यांच्या साहाय्याने एखादा विषय धुंडाळून पाहावा. असे मला का वाटते, ते या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम या कार्डांची ओळख करून घेऊ. कार्ड साधारणपणे साडेबारा सेंटीमीटर लांब व साडेसात सेंटीमीटर रुंद असते. त्याच्या खालच्या कडेला एक भोक असते. त्यातून खणाच्या तळाशी असलेली लोखंडी सळई जाते. त्यामुळे कार्ड चाळता येते, पण उचलून नेता येत नाही. कार्डावर लेखक, ग्रंथाचे नाव, प्रकाशनाचे स्थळ व वर्ष, पृष्ठसंख्या इतका तपशील असतो आणि कोपऱ्यात वर्गांक असतो. हा वर्गांक म्हणजे पुस्तकाचा पत्ताच होय. त्याच्या आधाराने फडताळातील नेमकी जागा सापडते. एकाच पुस्तकाची अनेक कार्डे केली जातात: एक लेखकाच्या नावाचे, एक ग्रंथनामाचे, आणि पुस्तकात जितके महत्त्वाचे विषय असतील त्या त्या विषयांची. लेखकाचे वा ग्रंथाचे नाव ठाऊक असले, तर पहिली दोन कार्डे पुरेशी होतात. परंतु ज्याला पुस्तकाचे नाव ठाऊक नाही, लेखक ठाऊक नाही, केवळ एक जिज्ञासा मनात आहे, त्याच्यासाठी विषयाचे कार्ड असते. आणि विद्यार्थी बहुधा याच अवस्थेत ग्रंथालयात येतो.

विषयांची कार्डे दोन रीतींनी लावतात. एका रीतीत विषयांची नावे वर्णानुक्रमाने येतात. 'कापूस'नंतर 'कायदा', 'कायदा'नंतर 'काव्य'. दुसऱ्या रीतीत कार्डे वर्गांकांच्या क्रमाने लावतात, म्हणजे परस्परांशी नाते असलेले विषय शेजारी शेजारी येतात, आणि कोणत्या विषयाचा अंक कोणता हे सांगणारी वर्णानुक्रमी सूची वेगळ्या खणात ठेवतात. दोन्ही रीतींत वाट दाखवणाऱ्या पाट्या असतात. आपण ज्या नावाखाली शोधतो ते नाव ग्रंथपालाने स्वीकारलेले नसेल, तर 'अमुक पहा' असे कार्ड भेटते. आणि जवळचा दुसरा विषय सुचवायचा असेल, तर 'अमुकही पहा' असे कार्ड भेटते. शिवाय पुष्कळ ठिकाणी मुख्य कार्डाच्या तळाशी किंवा पाठीवर, त्याच ग्रंथाची इतर कार्डे कोणकोणत्या शीर्षकांखाली लावली आहेत, याची नोंद असते. ही नोंद वाचण्याची सवय ज्याला लागली, त्याला एका पुस्तकावरून दहा पुस्तकांकडे जाता येते.

एक उदाहरण घेऊ. समजा, इयत्ता आठवीतील एका मुलीला 'मीठ' या विषयावर निबंध लिहावयाचा आहे. ड्यूई यांच्या दशांश पद्धतीने लावलेल्या सूचीत ती शोधू लागली, तर मीठ हा एक विषय नाही, हे तिला पहिल्या पाच मिनिटांत कळते. मिठाचे रसायन ५४६ या अंकाखाली, जमिनीतील खनिज म्हणून मीठ ५५३ खाली, अन्नावरील प्रक्रियेच्या अंगाने मीठ ६६४ खाली, स्वयंपाकातले मीठ ६४१ खाली, आणि मिठावरचा कर ३३६ या सार्वजनिक अर्थव्यवहाराच्या अंकाखाली. कराच्या खणातून ती सहजच ९५४ या भारताच्या इतिहासाच्या खणाकडे वळते, आणि तिथे तिला १९३० सालची दांडीयात्रा भेटते. तिथवर तर कोणीही जाईल. परंतु गोव्याच्या इतिहासाची कार्डे तिने आणखी थोडी चाळली, तर १८७८ सालच्या इंग्रज व पोर्तुगीज सरकारांमधील कराराचा उल्लेख तिच्या हाती लागण्याचा संभव आहे. हा करार १८८० पासून अमलात आला. त्यान्वये गोव्यातील मिठाच्या उत्पादनावर ब्रिटिश हिंदुस्थान सरकारचा ताबा आला आणि पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लाख रुपये मिळू लागले. मुरगाव बंदर आणि तिथून घाटापर्यंत जाणारा लोहमार्ग ही याच कराराची फळे. १८९२ मध्ये करार संपुष्टात आला. पण पेडण्यातील आगरवाड्यासारख्या गावांच्या नावांत ज्या मिठागरांची आठवण आजही टिकून आहे, त्या मिठागरांच्या धंद्याने तोवर परक्या अमलाखाली बारा वर्षे काढली होती.

आता लक्षात घ्या, या कराराविषयीच्या ग्रंथाच्या नावात 'मीठ' हा शब्द असेलच असे नाही. ग्रंथ पोर्तुगीज भाषेतला असेल, तर तो शब्द असण्याचा प्रश्नच नाही. जी सूची वर्गांकांच्या क्रमाने लावलेली आहे आणि भाषाभाषांत तोडलेली नाही, तिच्यात मराठी, इंग्रजी, पोर्तुगीज आणि कानडी पुस्तकांची कार्डे एकाच विषयाखाली एकत्र नांदतात. अंकाला भाषा नसते. ज्या प्रदेशांत मराठी माणूस पिढ्यान् पिढ्या इतर भाषांच्या शेजारात राहत आला, त्या गोव्यात, बेळगावात, इंदुरात किंवा हैदराबादेत या गुणाचे मोल विशेष आहे. आपला इतिहास एका भाषेत लिहिलेला नाही. तो शोधण्याचे साधनही एका भाषेपुरते असून चालणार नाही.

ही व्यवस्था एका दिवसात निर्माण झालेली नाही. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर मठांची व चर्चची ग्रंथसंपत्ती राष्ट्राच्या मालकीची झाली. तिची मोजदाद करण्यासाठी १७९१ साली सरकारने नियम घालून दिले, आणि नोंदी लिहिण्यासाठी चक्क खेळण्याच्या पत्त्यांच्या कोऱ्या पाठी वापरण्यात आल्या. गोव्यातही याच्याशी जुळणारी घटना घडली. पणजीत १८३२ साली सार्वजनिक ग्रंथालय स्थापन झाले, आणि १८३५ मध्ये धार्मिक संघ विसर्जित झाल्यावर त्यांच्या मठांतील पुस्तके या ग्रंथालयाकडे आली. आज पाटो येथील नव्या वास्तूत असलेले कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय ते हेच. ग्रंथांचे असे ढीग एकदम हाती आले, म्हणजे ग्रंथ मिळवणे सोपे आणि त्यात हवे ते सापडणे कठीण, हे माणसाच्या ध्यानी येते. १८७६ मध्ये अमेरिकेत मेल्विल ड्यूई यांनी सर्व ज्ञानाचे दहा वर्ग करून दशांश वर्गीकरण प्रसिद्ध केले. १९०१ पासून अमेरिकेचे काँग्रेस ग्रंथालय छापील कार्डे इतर ग्रंथालयांना विकू लागले.

हे ज्ञान आपल्या देशात रुजवण्यात एका मराठी राजाचा मोठा वाटा आहे. महाराज सयाजीराव गायकवाड १९०६ साली अमेरिकेला गेले असता तेथील सार्वजनिक ग्रंथालये त्यांनी पाहिली. सक्तीच्या शिक्षणाने अक्षरओळख झालेला प्रजाजन पुढे वाचणार काय, हा प्रश्न त्यांच्यापुढे होताच. त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास १९१० मध्ये बडोद्यास बोलावले. बोर्डन यांनी १९१३ पर्यंत तेथे राहून मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली, ग्रंथपालांसाठी शिक्षणवर्ग चालवला आणि बडोद्यासाठी स्वतंत्र वर्गीकरण तयार केले. लाकडी पेट्यांत भरलेली फिरती ग्रंथालये तेथून खेडोपाडी जात असत. पुढे मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी या शास्त्राला भारतीय प्रज्ञेचे तेज दिले. मूळचे गणिताचे अध्यापक असलेल्या या गृहस्थांना लंडनच्या एका दुकानात मुलांचे सुटे भाग जोडून निरनिराळी यंत्रे बनवण्याचे खेळणे दिसले, आणि विषयही असेच सुट्या अंगांनी जोडता येतील, ही कल्पना त्यांना सुचली. त्यातून १९३३ साली त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती अवतरली. आपल्या मराठीत शंकर गणेश दाते यांनी १८०० पासूनच्या मुद्रित मराठी ग्रंथांची विषयवार सूची सिद्ध केली. ते काम म्हणजे एका माणसाने रचलेले साऱ्या मराठी ग्रंथसृष्टीचे खणांचे कपाटच होय.

इथवर वाचून कोणाला वाटेल की, विषयसूची ही केवळ सोयीची, निरुपद्रवी वस्तू आहे. तसे नाही. जुन्या सूचीकडून घेण्याचा दुसरा धडा याहून महत्त्वाचा आहे. कोणता विषय कोणत्या खणात ठेवायचा आणि त्याला नाव काय द्यायचे, हा निर्णय कोणीतरी माणूस घेत असतो, आणि तो आपल्या काळाच्या व समाजाच्या चष्म्यातून जगाकडे पाहत असतो. ड्यूई यांनी धर्मासाठी २०० ते २९९ हे अंक राखले. त्यांतील बहुतेक अंक ख्रिस्ती धर्माला मिळाले आणि जगातील उरलेल्या सर्व धर्मांना २९० या एका दशकात दाटीवाटीने बसावे लागले. हिंदू धर्माचा अंक २९४.५. इंग्रजी वाङ्मयाला ८२० हे सबंध दशक. मराठी वाङ्मयाला मात्र ८९१.४६, म्हणजे वाड्याच्या मागील अंगणातली एक खोली. स्त्रियांविषयीची पुस्तके जुन्या आवृत्त्यांत ३९६ या अंकाखाली असत, आणि हा अंक चालीरीती, वेशभूषा व लोककथा यांच्या वर्गातला होता. १८५७ च्या घटनेला कोणी स्वातंत्र्यसमर म्हटले, कोणी बंड. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जे विषयशीर्षक रूढ केले, त्याचा अर्थ 'शिपायांचे बंड' असाच होतो. रंगनाथन यांनी आपल्या पद्धतीत धर्मांच्या वर्गात पहिले स्थान वैदिक धर्माला दिले. म्हणजे त्यांनीही जग पाहिले ते आपल्या अंगणात उभे राहूनच.

माझ्या घरची भाषा कोकणी आणि अध्यापनाची भाषा मराठी. त्यामुळे एक गोष्ट मला विशेष जाणवते. ड्यूई यांच्या पद्धतीत कोकणीला स्थान मिळाले ते ४९१.४६९, म्हणजे मराठीच्या ४९१.४६ या अंकाच्या पोटात. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, १९९२ मध्ये घटनेच्या आठव्या अनुसूचीत तिचा समावेश झाला. पण अंक होता तिथेच राहिला. या दोन भाषांच्या नात्यावर वाद घालण्याची ही जागा नव्हे. मला एवढेच सांगावयाचे आहे की, जुन्या कपाटासमोर उभे राहिल्यावर हा सारा वाद आपल्याला डोळ्यांनी पाहता येतो, बोटांनी चाचपता येतो. संगणकाच्या पडद्यावर उत्तर येते, पण ते कोणत्या मांडणीतून आले, ती मांडणी कोणी केली, हे आपल्याला दिसत नाही. मांडणी तिथेही असतेच; ती झाकलेली असते, इतकेच.

म्हणून जुनी विषयसूची वापरताना विद्यार्थ्याने काळाप्रमाणे नावे बदलण्याची तयारी ठेवावी. पहिल्या महायुद्धाची पुस्तके जुन्या अमेरिकन पद्धतीच्या सूचीत 'युरोपीय युद्ध, १९१४–१९१८' या शीर्षकाखाली होती. दुसरे महायुद्ध घडेपर्यंत त्याला 'पहिले' म्हणणार तरी कोण? चित्रपट शोधायचा तर 'हलती चित्रे' असा अर्थ असलेल्या जुन्या इंग्रजी नावाखाली पाहावे. पोर्तुगीज अमदानीतील ग्रंथांच्या नोंदींत पणजी 'नोव्हा गोवा' या नावाने भेटते. आजचा शब्द सापडला नाही, तर 'पुस्तकच नाही' असे न म्हणता, 'त्या काळचा माणूस याला काय म्हणत असेल?' असा प्रश्न स्वतःला विचारावा. इतिहासाच्या अभ्यासाचा ओनामा या प्रश्नात आहे.

आता विरुद्ध बाजूचे म्हणणे ऐकून घेऊ. ते दुबळे नाही. संगणक क्षणार्धात हजारो नोंदी चाळतो. घरबसल्या दूरच्या ग्रंथालयातील पुस्तक दाखवतो. दृष्टिहीन वाचकाला नोंद वाचून दाखवू शकतो. कार्डे कसरीला बळी पडतात, एकदा चुकीच्या जागी लागली की हरवल्यातच जमा होतात. काँग्रेस ग्रंथालयाने १९९७ मध्ये कार्डांची विक्री थांबवली, आणि ओहायोतील ज्या संस्थेने अनेक वर्षे ग्रंथालयांना कार्डे छापून पुरवली, तिने १ ऑक्टोबर २०१५ रोजी शेवटची कार्डे छापली. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे जे पाच सिद्धांत मांडले, त्यांतला चौथा 'वाचकाचा वेळ वाचवा' असाच आहे. मग खणांचा हा सोस कशाला?

उत्तर असे की, त्याच पाच सिद्धांतांत तिसराही एक आहे: प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. चौथा सिद्धांत वाचकाची बाजू घेतो, तर तिसरा ग्रंथाची. ज्याला काय हवे ते नेमके ठाऊक आहे, त्याने संगणकच वापरावा. त्याला खणासमोर ताटकळत ठेवणे हा शुद्ध आडमुठेपणा होईल. पण काय हवे तेच ज्याला अजून नीट उमगलेले नाही, त्याला एका कार्डाच्या पुढचे आणि मागचे कार्ड दिसले पाहिजे. शेजारच्या कार्डावरच्या पुस्तकाला अशाच वेळी त्याचा वाचक लाभतो. चांगल्या संगणकीय सूचीतही विषयशीर्षके असतात, हे खरे. परंतु लहान ग्रंथालयांतून यादी संगणकावर चढवताना पुष्कळदा लेखक, ग्रंथनाम आणि किंमत एवढ्यावरच भागवले जाते. जुन्या ग्रंथपालाने कार्डाच्या कडेला शिसपेनने केलेली 'सुधारित आवृत्ती पहा' अशी नोंद तर कोणीच उतरवून घेत नाही. निकल्सन बेकर या अमेरिकन लेखकाने १९९४ साली एका दीर्घ लेखातून याच हानीकडे लक्ष वेधले होते. तोवर तिकडे असंख्य कपाटे रिकामी झालेली होती. आपल्याकडे अजून वेळ गेलेली नाही.

काय करता येईल? पहिली गोष्ट, कोणत्याही ग्रंथालयाने कार्डे काढून टाकण्यापूर्वी प्रत्येक कार्डाची दर्शनी व मागील, अशा दोन्ही बाजूंची छायाचित्रे घेऊन ठेवावीत. आज हे काम साध्या फोननेही होते. दुसरी गोष्ट, विषयसूचीचे निदान एक कपाट वाचकांच्या हाती राहील अशा जागी ठेवावे. कुलूप लावून शोभेला ठेवलेली सूची ही नसल्यासारखीच. तिसरी गोष्ट शाळांसाठी: आठवी-नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला वर्षातून एकदा एक विषय देऊन तासभर खणांसमोर सोडावे, आणि त्याने उत्तर काय आणले यापेक्षा तो कोणत्या वाटेने गेला, हे लिहून मागावे.

चौथी गोष्ट मात्र, विद्यार्थिमित्रहो, तुम्हीच करावयाची आहे, आणि तिला पैसाही फारसा लागणार नाही. आपल्या या वार्षिकाचे जितके जुने अंक मिळतील तितके गोळा करा, आणि त्यांतील लेखांची विषयवार कार्डे बनवा. पुठ्ठ्याचे एक खोके आणि पोस्टकार्डाहून थोडी लहान कापलेली कार्डे, एवढ्यावर काम सुरू होईल. पहिल्याच दिवशी तुमच्यात भांडणे लागतील. शिमग्यावरचा लेख 'सण' या खणात जाईल की 'लोकनृत्य' या खणात? आजीने सांगितलेली गोष्ट 'कथा' मानायची की 'गावाचा इतिहास'? काजूवरचा लेख 'शेती', 'व्यापार' की 'परदेशांतून आलेली झाडे'? ही भांडणे मिटवण्याची घाई करू नका. दोन्ही खणांत कार्ड लावा, एकातून दुसऱ्याकडे 'हेही पहा' अशी वाट काढून द्या, आणि कार्डाच्या मागे तुमचे नाव व तारीख घाला. पन्नास वर्षांनी या शाळेत शिकणाऱ्या मुलांना, तुम्ही काय वाचत होता इतकेच नव्हे, तर तुम्ही कशाला काय म्हणत होता, हेही त्यावरून कळेल.